दातात मुरलेलं पाणी

वसमतला मोंढ्याच्या रस्त्यावर, एका बी-बियाण्याच्या दुकानाच्या वर मी दातांचा दवाखाना उघडला. तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि माझी पंचविशी नुकतीच उलटली होती. दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत खुर्ची आणि पेशंटसाठी बाकडं, मागच्या खोलीत माझा स्टोव्ह, कॉट आणि पुस्तकं. जिना बाहेरून, लोखंडी. कुणी चढायला लागलं की आधी त्याचा आवाज यायचा, आणि दिवसातला बराचसा वेळ मी त्या आवाजाकडं कान लावून बसलेली असायचे.

वडील कुरुंद्याला प्राथमिक शाळेत मास्तर होते. आई मी कॉलेजात असतानाच गेली. आमच्या वस्तीतली पहिली डॉक्टर म्हणून विहारात माझा सत्कार झाला होता, आणि मी पुण्या-मुंबईला न जाता जवळच दवाखाना टाकावा ही वडिलांची इच्छा होती. रिटायर झाल्यावर ते बाजाराच्या दिवशी एसटीनं यायचे आणि पेपर घेऊन बाकड्यावर बसायचे. मला आधी वाटायचं, मला भेटायला येतात. मग लक्षात आलं की दवाखाना रिकामा दिसू नये म्हणून ते तिथं बसतात. कुणी वर आलंच तर म्हणायचे, "तुमी जा आधी, मला घाई न्हाई."

येणारे लोक दात काढायला यायचे. दुखतोय ना, मग काढून टाका, एवढीच मागणी. दात भरायचा म्हटलं की लोकांना ते शहरातले चोचले वाटायचे. त्यातून कुणी भरून घेतलाच, तर तो माणूस पुन्हा दिसायचा नाही. दात चांगला राहिला तर येण्याचं कारण नाही, आणि बिघडला तर नांदेडचा रस्ता. मी प्रत्येकाला सांगायचे, वर्षानं एकदा दाखवून जा. हो म्हणायचे आणि जिना उतरायचे. त्यामुळं माझं काम टिकतं की नाही हे मला कळायचंच नाही. गवंड्याला आपली भिंत येता-जाता दिसते. माझं काम लोकांच्या तोंडात बसून कुठल्या कुठल्या गावांना निघून जायचं.

काही जण वर येतच नसत. खिडकीतून मला दिसायचं. खाली थांबून पाटी वाचायचे, आडनावापाशी जरा रेंगाळायचे, दुकानदाराला काही तरी विचारायचे आणि चालू लागायचे. फार नव्हते तसे, पण होते. त्यातले एक-दोघं दोन दिवसांनी गाल धरून वर आलेले मला आठवतात. दुखणं वाढलं की आडनाव वाचायला कुणाला सवड नसते.

तो मेंढरंवाला आला ते शिमग्याच्या आसपास. हळदीचा हंगाम होता. गावाबाहेर कढया पेटलेल्या, हवेत शिजलेल्या हळदीचा वास, आणि पॉलिशच्या ड्रमांची पिवळी धूळ माझ्या खिडकीच्या गजांवर बसलेली. दुपारची वेळ. जिन्यावर सावकाश पावलं वाजली. पन्नाशी ओलांडलेला उंच, वाळका माणूस दारात उभा राहिला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. आत यावं की नाही याचा विचार करत तो बाहेरच वहाणा काढून उभा होता. मी या म्हटलं तर वहाणा हातात घेऊन आत आला.

वरचा पुढचा एक दात तिरका तुटला होता, अर्ध्याच्या वर गेला होता. एडक्याचा खूर बघायला वाकला असताना एडक्यानं मुंडी मारली, असं त्यानं सांगितलं. मी विचारलं, दुखतो का? तर म्हणाला, थंड पाणी प्यालं की झणझणतं, बाकी तकलीफ काही न्हाई. मला वाटलं, आता म्हणणार, काढून टाका. तो म्हणाला, "बाई, माजी शीळ गेली. मेंढरं ऐकून न्हाई राहिली."

मग त्यानं समजावून सांगितलं. तो जीभ वरच्या दातांना टेकवून एक शीळ घालायचा. त्या शिळेनं कळप वळायचा. दात तुटल्यापासून नुसती हवा जाते, आणि मेंढरं मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. दोन वेळा कळप दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरला. भाऊबंद हसतात. पोरगा म्हणतो, काठी घे. पण काठी हातभर लांब असते आणि मेंढरू फर्लांगभर.

असं कारण घेऊन माझ्याकडं आजवर कुणी आलं नव्हतं. मी त्याला खुर्चीत बसवलं. दात जिवंत होता, मुळाशी घट्ट होता. कॉलेजात आम्ही शिकलो होतो ते रेझिनचं भरण तेव्हा आमच्याकडं नवंच होतं. दाताच्या रंगाची मऊ लगदी असते, ती दातावर बसवून आकार द्यायचा आणि निळा प्रकाश टाकून कडक करायची. तिचं एकच असतं की प्रकाश पुरता लागला पाहिजे. त्या दुपारी व्होल्टेज पडलं होतं. हळदीच्या मोटारी, शेतातले पंप, सगळं एकदम चालू. डोक्यावरच्या पंख्याची पाती मोजता येतील इतकी सावकाश फिरत होती. दिव्याचा निळा प्रकाश मरगळलेला होता. मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी या, सकाळी लाईट बरा असतो. तो म्हणाला, उद्या पहाटे तळ हलतोय, औंढ्याकडं जायचंय.

तेव्हा मी ते तसंच केलं. दिवा नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला, हात भरून आला तरी धरला. दात आकाराला छान आला. आरसा दिला तर त्यानं दाताकडं पाहिलंच नाही, उठून गॅलरीत गेला आणि शीळ घातली. खाली रस्त्यावरची दोन-चार माणसं वर बघायला लागली. तो परत आत आला तेव्हा चेहरा उजळला होता.

मी त्याला खरं ते सांगितलं. "आज लाईट बराबर न्हाई. वरून कडक झालंय, आत किती झालंय ते सांगता येत न्हाई. वर्षानं दाखवून जा."

"येतो की," तो म्हणाला. सगळेच म्हणायचे.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता वडील गेले. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, नांदेडला नेलं तोवर उशीर झाला होता. भाऊ पुण्याला कंपनीत होता. तो आला, दिवस करून गेला, आणि जाताना म्हणाला, आता इथं काहून राहतेस, चल तिकडं. मी बघू म्हटलं. तिकडं जाऊन त्याच्या दोन खोल्यांत तिसरी कॉट टाकायची हे मला नको होतं. आणि दवाखान्याचं बाकडं वडिलांनी स्वतः सुताराकडून करून घेतलं होतं. ते उचलून कुठं नेणार? कुरुंद्याच्या घराला कुलूप लावलं. बाजाराच्या दिवशी पेपर यायचा, तो मी बाकड्यावर ठेवायचे आणि संध्याकाळी उचलून आत न्यायचे.

लग्नाची स्थळं त्या सुमाराला येत होती, पण वडील होते तोवर. त्यांच्यानंतर बोलणी करायला कुणी राहिलं नाही. भाऊ दर रविवारी फोन करायचा. दुकानात फोन होता, दुकानदाराचा माणूस खालून हाक मारायचा. बोलणं व्हायचं ते हवापाण्याचं.

पुढच्या शिमग्याला जिन्यावर पावलं वाजली आणि मेंढरंवाला दारात उभा राहिला. वहाणा हातात.

"वर्ष झालं. तुमी म्हणल्या व्हत्या," तो म्हणाला.

इतक्या लोकांना मी ते वाक्य सांगितलं होतं. ते ऐकून परत आलेला हा पहिला माणूस.

खुर्चीत बसवून दात पाहिला. भरण जागेवर होतं, शीळ चालू होती. पण रंग उतरून पिवळट झाला होता आणि खरा दात नि भरण यांच्या सांध्यावर चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ उमटली होती. बोटानं चाचपलं तर चकाकी गेलेली, किंचित खरखरीत. त्याला सगळं बराबर वाटत होतं. मला वाटत नव्हतं. मी ते घासून चकचकीत करता करता त्याला सांगायला लागले. सांगायची गरज नव्हती, पण बऱ्याच दिवसांत कामाबद्दल कुणाशी बोलले नव्हते.

मी म्हटलं, ही लगदी म्हणजे काचेच्या बारीक कणांना धरून ठेवणारा एक चीक समजा. तो कडक झाला तरी पाणी थोडं थोडं पितो. तोंडात थुंकी कायम असते, ती हळूहळू आत मुरते. पहिल्यांदा त्याचा थोडा फायदाच होतो. कडक होताना भरण जरासं आकसतं आणि कडेला केसाएवढी फट राहते. पाणी पिऊन ते फुगतं आणि ती फट थोडीफार बुजते. पण पाणी तिथंच थांबत नाही. ते चीक मऊ करतं, काचेच्या कणांची पकड सोडवतं, आणि चहाचा, हळदीचा, तंबाखूचा रंग आपल्याबरोबर आत नेतं. दाताला चिकटवणारा पातळ थर तर सगळ्यात जास्त पाणी पितो. आणि ज्या भरणाला प्रकाश कमी लागला, ते कच्च्या भाजलेल्या मडक्यासारखं जास्तच पितं.

तोंड उघडं असल्यामुळं तो नुसता ऐकत होता. मी हात काढला तेव्हा त्यानं विचारलं, "तोंडात पाणी तर राहणारच की?"

"राहणारच."

"मग त्याला काय इलाज?"

"इलाज न्हाई. बघत राहायचं. बिघडलं की पुन्हा करायचं."

त्यानं मान हलवली. मेंढरांचंही तसंच, असं काही तरी म्हणाला. मी चहा ठेवला. तो बाकड्यावर बसायला तयार होईना, खाली बसला. मी खूप म्हटलं तेव्हा बाकड्याच्या कडेवर टेकला. पेपर शेजारी तसाच होता. त्यानं विचारलं, घरी कोण कोण हाय? मी वडिलांचं सांगितलं. तो म्हणाला की त्याची कारभारीण दिवाळीच्या आधी गेली. पालावरच आजारी पडली, गावाकडं पोचवली आणि गेली. पोरगा आणि सून गावात असतात, ती दोघं फिरतीवर येत नाहीत. भाऊबंदांच्या कळपाबरोबर तो आपला कळप घेऊन फिरतो, पण पाल वेगळं.

"पाल उभं करणं दोघांचं काम हाय," तो म्हणाला. "एकानं खांब धरायचा, एकानं दोरी वढायची. आता खांब पायात धरतो अन् दोरी वढतो. पडतंय कधी कधी."

चहा संपल्यावर त्यानं कप विसळून ठेवला आणि गेला.

त्याच्या पुढच्या वर्षी मी वाट बघत होते हे मला मान्य करायला हवं. हळदीच्या कढया पेटल्या की कळमनुरीच्या रस्त्याला शेतांतून मेंढरांचे तळ दिसायला लागायचे. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे. एसटीतून येता-जाता मी खिडकीशी बसायचे आणि मुंडाशांकडं बघायचे. एकदा तर नांदेडला सामान आणायला निघाले आणि मध्येच वाटलं, आज तो येऊन गेला तर? त्या दिवशी मी उगाचच घाईनं परतले. कुणी आलं नव्हतं.

तो आला तेव्हा ओठ मिटून आला. उपरण्याच्या टोकाची गाठ सोडून त्यानं माझ्या तळहातावर एक छोटासा तुकडा ठेवला. मी केलेलं भरण. भाकर खाताना निघालं होतं, आठ-पंधरा दिवसांपूर्वी. बाकीच्यांनी टाकून दे म्हटलं, पण त्यानं मला दाखवायला जपून ठेवलं होतं.

तो तुकडा वाळून पांढुरका झाला होता, खडूसारखा. मी उजेडात धरून मागची बाजू पाहिली. पुढून टणक होतं. मागच्या अंगाला टोकदार हत्यार लावलं तर ते किंचित रुतलं. त्या दुपारी प्रकाश तिथवर पोचलाच नव्हता. पाण्याला तिथं मोकळं रान मिळालं. पुस्तकात मी हे सगळं वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण स्वतःच्या हातचं काम असं दोन वर्षं राबून हातात परत येणं वेगळं. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त, कुणी तरी माझ्या पत्त्यावर उत्तर धाडल्यासारखं वाटलं.

तोवर मी स्टॅबिलायझर घेतला होता. नवं भरण मी पातळ पातळ थरांत बसवलं, प्रत्येक थराला वेगळा प्रकाश दिला. जागा कापसानं कोरडी राखली, कारण चिकटवताना ओल राहिली तर ते पहिल्या दिवसापासूनच सैल. वेळ खूप लागला. तो खुर्चीत झोपी गेला, तोंड उघडं ठेवून. उठल्यावर गॅलरीत गेला आणि शीळ घातली. खाली एक म्हातारी हसून म्हणाली, मेंढरंवाला आला वाटतं. म्हणजे रस्त्यालाही त्याची ओळख झाली होती.

तो गेल्यावर जुना तुकडा मी फुलपात्रात पाणी घालून खिडकीत ठेवला. कशासाठी ते सांगता येणार नाही. रोज सकाळी बघायचे. पांढुरका रंग आठवड्याभरात उतरला आणि तो पुन्हा पूर्वीसारखा पिवळट, ओलसर दिसायला लागला. दवाखान्यात झाडू मारायला येणाऱ्या मावशींनी एक दिवस पाणी खिडकीबाहेर ओतलं आणि फुलपात्र घासून पालथं घातलं. तुकडाही त्यातच गेला.

ते दुसरं भरण टिकलं. तो दर शिमग्याला येत राहिला. मी आरशानं बघायचे, सांध्यावरून हत्यार फिरवायचे, थोडं चकचकीत करायचे. चहा व्हायचा. तो कुठं कुठं फिरला ते सांगायचा. कुठल्या शिवारात पाणी आटलं, कुठं गवत कसं होतं, कुणाचा कळप विकला गेला. मी ऐकायचे. माझ्याकडं सांगण्यासारखं फारसं नसायचं. कंपाउंडर टिकत नव्हता. समोर दातांचा नवा डॉक्टर आला होता, त्याच्याकडं गर्दी होती. विजेचं लोडशेडिंग सुरू झालं, दुपारी चार-चार तास वीज नसायची, मग मी बॅटरीवरचा नवा दिवा घेतला. त्याचा प्रकाश कमी-जास्त होत नव्हता. तो दिवा त्याला दाखवला तर त्यानं हातावर निळा उजेड पाडून पाहिला आणि म्हणाला, एवढुसाच?

मग एका वर्षी तो आला नाही.

हंगाम संपला, कढया विझल्या, पहिले वळीव पडून गेले. मला वाटलं, दुसऱ्या वाटेनं गेला असेल. पुढच्या वर्षीही आला नाही. तेव्हा मी एका रविवारी कुरुंद्याकडं जाताना रस्त्यालगतच्या तळावर उतरले. बायका पालांसमोर भाकरी करत होत्या. मला बघून आधी बिचकल्या. कुणी सरकारी बाई असेल असं वाटलं असणार. मी म्हटलं, मी वसमतची दातांची डॉक्टर. तर एक म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, शीळवाल्याची डाक्टरीन का? त्यानं सांगितलं की शीळवाल्याच्या पोरानं मेंढरं विकली. आता चरायला रान राहिलं नाही, पोराला फिरतीत रस नाही. म्हातारा घरी बसून आहे. गावाचं नाव सांगितलं, कळमनुरीच्या पलीकडं.

पुढच्या रविवारी मी गेले. कळमनुरीपर्यंत एसटी, तिथून जीपगाडी. जाताना मी दोनदा विचार केला की आपण काय म्हणून चाललोय. पेशंटच्या घरी दात बघायला कुणी डॉक्टर जात नाही. पण पिशवीत आरसा आणि हत्यारं घेतली होती, ती माझ्याजवळ कारण म्हणून होती.

घर गावाच्या टोकाला. तो ओसरीत बाजेवर बसला होता. मला ओळखून उठायला गेला आणि ओठांवर हात धरला. सून पाणी घेऊन आली. तिनं सांगितलं ते असं, की हिरड्या सुजून मामांचे दात एकामागून एक हलायला लागले होते, जेवण तुटलं होतं. गावात फुकट शिबिर आलं, त्यांनी सगळे दात काढले आणि नंतर कवळी दिली. दात खरोखर हलत असतील तर त्यांनी केलं ते चूक नव्हतं. मी तसं म्हटलंही.

तो म्हणाला, "तुमचा दात बी गेला, बाई. तो घट्ट व्हता. मी म्हणलं त्यांना, एवढा ऱ्हाऊ द्या. ते म्हणले, एकटा ठेवून काय करता."

मी कवळी मागितली. ती त्यानं फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवली होती. पहिल्यांदा बरी बसत होती, मग सैल झाली, टोचायला लागली, म्हणून वापरणं सोडलं. मी हातात घेऊन पाहिली. पार कोरडी. मी विचारलं, रात्री पाण्यात ठेवता का? तो माझ्याकडं बघतच राहिला. शिबिरात कुणी सांगितलं असेल, तर गर्दीत त्याच्या कानावर आलं नव्हतं. आणि त्यानं ऐकलं होतं ते माझं. पाणी मुरलं की बिघडतं, हे मीच त्याला वर्षानुवर्षं सांगत आले होते. म्हणून तो कवळी जपून, पुसून, कोरडी ठेवत होता.

मी समजावलं की ही लगदी वेगळी. हिला पाण्यात असतानाच तिचा आकार राहतो. वाळली की ती आकसते, वाकते आणि हिरडीवर बराबर बसत नाही. तोंडात नसेल तेव्हा वाटीत पाणी घालून ठेवायची.

त्यानं जरा विचार केला. "म्हणजे तवा पाणी वैरी व्हतं, अन् आता सोयरं."

तो हसला, आणि पहिल्यांदाच त्यानं तोंडावर हात धरला नाही.

कवळी मी वसमतला नेली. काही दिवस पाण्यात ठेवली, पण ती पुरती ठिकाणावर आली नाही, मग पुढच्या रविवारी परत जाऊन त्याच्या हिरडीचं माप घेतलं आणि आतून नवा थर चढवून दिला. त्यानंतर ती बसली. भाकर अजून कालवूनच खायला लागत होती, पण खाता येत होती. सुनेनं मला जेवायला थांबवलं. आम्ही ओसरीत जेवलो. अंगण झाडलेलं, रिकामं. एका बाजूला मेंढरांच्या वाड्याची काटेरी झापं तशीच रचून ठेवलेली होती. मी त्याला शिळेचं विचारलं नाही. त्यानं आपणहून काढलं नाही.

जीपगाडीपर्यंत पोचवायला तो आला. वाट उन्हाची होती. चालता चालता म्हणाला, "झोप येत न्हाई बगा. आख्खी जिंदगी मेंढरांच्या आवाजात झोपलो. आता एवढं गप असतंय, की मधीच जाग येती."

माझ्या दोन खोल्यांतही तसंच असतं, असं मी त्याला सांगितलं. वडील गेल्यापासून तसंच आहे, हेही सांगितलं. हे मी भावाला कधी बोलले नव्हते. त्यानं आश्चर्य दाखवलं नाही की समजूत घातली नाही. "व्हय," एवढंच म्हणाला. आम्ही पिंपळाच्या सावलीला उभे राहिलो. गाडी यायला वेळ होता, आणि दोघांनाही घाई नव्हती.

नंतर मी आणखी दोनदा गेले. एकदा दिवाळीनंतर, कवळी ठीक होती, वाटीत पाणी होतं, त्यात त्यानं तुळशीचं पान टाकलेलं होतं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, वास बरा येतो. दुसऱ्यांदा गेले तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, पोरगा-सून ऊसतोडीला गेले, म्हाताऱ्यालाबी घेऊन गेले. एकट्याला मागं कसं ठेवणार? कुठल्या कारखान्याला, ते तिला ठाऊक नव्हतं. वरच्या अंगाला, नदीपल्याड, एवढंच. मी तिच्याकडं पाणी प्याले, तिच्या लेकराचे दुधाचे दात किडले होते ते पाहिले, सकाळ-संध्याकाळ घासायला सांगितलं आणि वर्षानं दाखवून जा म्हटलं. ती हो म्हणाली.

ऊसतोडीहून माणसं उन्हाळ्यात परततात. त्या उन्हाळ्यात मला जाणं झालं नाही. समोरच्या डॉक्टरनं नांदेडला दवाखाना हलवला आणि त्याचे पेशंट माझ्याकडं यायला लागले. बाकडं भरायला लागलं. पेपर कोण ना कोण वाचत असायचं, आणि जिन्याच्या आवाजाकडं कान लावायला मला वेळ उरला नाही. पावसाळ्यात एकदा निघाले होते, पण कयाधू नदीला पूर आला म्हणून गाडी मध्येच थांबली. अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. त्यानंतर गेले नाही.